बांगड्या आल्या का?

“डोळे मिटा, राव. आता सांगा, बांगड्या आल्या का?”

भाऊंच्या घरात पाऊल टाकणाऱ्याला चहाच्या आधी हा प्रश्न यायचा. तुम्ही चिखलीत आमच्या गल्लीत राहत असतात, तर तुम्हालाही त्या सोफ्यावर बसवलं असतं. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूससुद्धा त्यातून सुटला नव्हता.

गाणं एकच. वहिनींनी एका जयंतीला विहारात म्हटलेलं, मुलीने मोबाइलवर घेतलेलं. वहिनी टाळ्या वाजवत गायच्या आणि टाळीगणिक हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. पुढच्या जयंतीला वहिनी नव्हत्या. त्यांचा म्हणून मागे राहिलेला आवाज तेवढाच.

भाऊ आणि मी चाकणला एकाच कंपनीत. ते पत्रा कापणाऱ्या प्रेसवर, मी तपासणीत. कानात घालायला कंपनी बोळे द्यायची, ते यांच्या खिशातच राहायचे. “डाय चिरली की प्रेसचा आवाज बदलतो. कान बुजवून बसलो तर मला काय कळणार?” आणि त्यांना कळायचंही. आमचं माप घेऊन होण्याआधी भाऊ प्रेस थांबवून मोकळे. साहेब पाठ थोपटायचे, बोळ्यांचं नाव कुणी काढायचं नाही. त्या पाठ थोपटण्याचा मला आजही राग येतो.

रिटायर झाल्यावर एकदा म्हणाले, “बांगड्या येईनात. ब्लूटूथ खातंय.”

ब्लूटूथ आवाज थोडा दाबून पाठवतं हे खरं, म्हणून मीही मान डोलावली. मग गाणं टीव्हीवर घेतलं आणि टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल वायर आली. तिच्या टोकाचा लाल उजेड तळहातावर पाडून मला दाखवला. “उजेडातून आवाज जातो, राव. मधे कोण खाणार?” गाणं लागलं. मला बांगड्या स्वच्छ ऐकू आल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वायरकडे. “न्हाई. ही पण खाते.”

आता तांब्याची कोअ‍ॅक्सियल वायर हवी. स्कूटरवरून आम्ही डांगे चौकात गेलो. दुकानदार समजुतीने म्हणाला, “काका, दोन्हीतून आकडेच जातात, तेच्या तेच. आवाजात फरक पडायचा नाही.”

“तुला कान हायेत का?” भाऊ असे उखडले की त्या बिचाऱ्याने वायर काढून दिली. वायर घेऊनच परतलो. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस नव्हती. मला ते तेव्हाच दिसत होतं आणि बोलवत नव्हतं.

शेवटी मुलीने हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. बारीक आवाज ऐकणारा कान प्रेसच्या दणक्याने गेला आहे, तो परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीन दिलं. घरी येऊन भाऊंनी आधी गाणं लावलं आणि बांगड्या आल्या! त्यांना दचकलेलं पाहून मी हसलो. ते हसले नाहीत.

“ही ती न्हाई,” म्हणाले. “पत्र्याचे तुकडे पडतात ना प्रेसखाली, तसं वाजतंय.”

मशीन डबीत गेलं ते गेलंच. त्यानंतर त्यांनी एकही वायर बदलली नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. वायरीला नावं ठेवत होते तोवर त्यांना आशा होती.

पुढे गाणंच कानाला लागेना, तेव्हा त्यांनी नवीनच रीत काढली. गाणं मी ऐकायचं आणि बांगडी वाजली की त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवायचं. त्यांचा एक हात स्पीकरवर असायचा, ढोलकी तेवढी तळहाताला लागायची. आता डोळे मिटायचे नाहीत. ते माझ्या बोटाकडे पाहत राहायचे.

दिवाळीनंतर भाऊ गेले. मुलीने घर आवरलं, स्पीकर कुणाला तरी देऊन टाकले. मी मागितले नाहीत. ते घेऊन मी काय ऐकणार होतो?

आमची शेवटची बैठक मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. त्या दिवशी त्यांनी स्पीकरवरचा हात मध्येच काढून मांडीवर घेतला. हात थकला असेल. मी बोट टेकवत होतो. मग थांबलो.

“का थांबलात, राव? येईनात का?”

गाणं संपलं होतं. मी पुन्हा त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवायला लागलो.