हद्दीवरची भाऊबीज

लोणावळ्यात त्यांना सगळे 'संपादक' म्हणत. दुष्काळात राजेसाहेब शिकारीला गेले, एवढं छापलं म्हणून पलीकडच्या संस्थानानं त्यांना हद्दपार केलं होतं. मग इंग्रजी हद्दीत, माझ्या छापखान्यातून ते साप्ताहिक काढू लागले. प्रूफ पुटपुटत वाचायचे आणि चूक सापडली की चोर पकडल्यासारखे खूश होऊन खिशातलं फाउंटन पेन उपसायचे. राजेसाहेबांवर जहाल लिहीत, पण बोलताना त्यांना कधी अरेतुरे केलं नाही. मला त्याचा रागच यायचा.

पवनेच्या खोऱ्यात संस्थानच्या हद्दीचा दगड होता. दर भाऊबीजेला त्यांची बहीण तिथं यायची. दगडापलीकडे उभी राहून ती ओवाळायची, हे अलीकडून मान पुढे करायचे. एक पाऊल पुढे पडलं असतं तर थेट तुरुंग. सोबतीला मी असे.

त्या वर्षी ओवाळून झालं, पण त्यांनी तबकात ठेवलेल्या साडीला तिनं हात लावला नाही.

"दादा, ही नगं. तुज्या लिवण्यापायी ह्यांची मास्तरकी गेली. आता घराला बी टाळं ठोकत्यात. लिवू नगंस, येवढीच ओवाळणी दे."

त्यांनी खिशातलं पेन काढून तबकात ठेवलं.

साप्ताहिक बंद पडलं. आता ते माझ्याकडे लग्नपत्रिकांची प्रुफं वाचतात. चूक दिसली की हात अजूनही खिशाकडे जातो आणि तसाच खाली येतो.

"इथं एक चूक आहे," ते मला म्हणतात, "तेवढी तुम्ही दुरुस्त करा."