म्हणता येईल असं नाव

पडदेवाली मावशी कुठे राहते असं विचारलं, की त्या गल्लीतलं शेंबडं पोरही घर दाखवायचं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून शिलाई मशीन, आणि जमिनीवर कायम कुणाचा तरी पडदा लोळत पडलेला. गावभराच्या खिडक्या तिने झाकल्या, पण स्वतःच्या खिडकीला जुन्या चादरीचा तुकडा लावून ठेवला होता. कुणी टोकलं तर म्हणायची, "माझ्या घरात बघण्यासारखं काय आहे? एक मशीन आणि एक कंडक्टर."

कंडक्टर म्हणजे तिचा नवरा. दिवसभर बसमध्ये ओरडून घसा बसला, तरी घरी आल्यावर त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच. कोण उतरताना धडपडलं, कोण कुणाशी भांडलं, सगळं नकलांसकट. "अहो, दोन मिनिटं गप्प बसा, माझी शिवण वाकडी जातेय," असं ती रोज म्हणायची.

निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी चहा पिताना कप त्याच्या हातातून सुटला आणि तो खुर्चीतल्या खुर्चीत कलंडला. हात-पाय पुढे हळूहळू कामाला लागले. वाचा मात्र गेली ती गेलीच. समोरच्याचं बोलणं त्याला सगळं कळायचं, पण उत्तर द्यायला गेला की "ते… ते…" एवढंच निघायचं. मग तो चिडून तोंड फिरवायचा. आता तिच्या शिवणी सरळ जात होत्या, आणि मशीन थांबलं की घर तिला खायला उठायचं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा घरी यायच्या. त्या म्हणाल्या, "माणसांपुढे त्यांना लाज वाटते. एखादं जनावर पाळून बघा. आणि त्याचं नाव त्यांनाच ठेवू द्या. त्यांना म्हणता येईल असं."

लेकीने कुठून तरी एक कुत्री आणली. तपकिरी, एक कान दुमडलेला, वय धड लहान नाही की मोठं नाही. आल्या आल्या ती तयार पडद्यांच्या ढिगावर जाऊन झोपली. मावशीने कपाळावर हात मारला, पण तिला उठवलं नाही.

दुपारी तिघं नाव ठरवायला बसली.

"कॉफी म्हणू या," लेक म्हणाली. "बाबा, म्हणून बघा. कॉ-फी."

त्याचे ओठ हलले. "ते…"

"मखमल कसं वाटतं?" मावशी म्हणाली. तिला कापडापलीकडचं काही सुचेना.

"आई, मखमल त्यांना कसं जमेल? मलाच जमत नाही."

राणी झालं, चिंगी झालं, टिकली झालं. प्रत्येक नावाला तो मान पुढे काढून जोर लावायचा आणि घामाघूम होऊन मागे टेकायचा. शेवटी मावशीच म्हणाली, "राहू दे आज." तेवढ्यात उघड्या दारातून कुत्री बाहेर पडायला निघाली, आणि मागून स्वच्छ, ठणठणीत हाक आली.

"पमू."

कुत्री थांबली. लेकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आई, बाबा बोलले." मावशीच्या हातातली सुई जागच्या जागी राहिली.

पमू म्हणजे तिची नणंद, त्याची धाकटी बहीण. सासूबाई शेवटच्या आजारात तिच्याकडेच होत्या. त्या गेल्या तेव्हा हा बसवर होता. पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. मला मुद्दाम कळवलं नाही, असं त्याने मनात धरलं, चारचौघांत बहिणीला नाही नाही ते बोलला आणि संबंध तोडले. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून हे नाव घरात कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

आता ते दिवसभर घुमायला लागलं. पमू खायला, पमू फिरायला, पमू पायाशी. एक शब्द हाती लागला म्हणून तो खूश होता, आणि कुत्रीही पहिल्या दिवसापासून नावाला ओ देत होती. मावशीच्या तोंडून मात्र ते नाव निघेना. ती कुत्रीला नुसतं "ए" म्हणायची. नणंदेच्या कानावर गेलं तर काय होईल, या विचाराने तिचा घास गोड लागेना.

तिने शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "हे नाव त्यांच्या मायेतून आलंय की रागातून?"

"कदाचित दोन्हीतून नाही. जो शब्द हाताशी लागतो तो येतो. त्यापलीकडचं मला नाही सांगता येणार."

मग तिने त्यालाच विचारलं. "अहो, तुम्ही कुणाला हाक मारता?"

त्याने कुत्रीकडे पाहिलं, मग दाराकडे. आणि डाव्या हाताची मूठ वळून कपाळावर मारत राहिला. तिने हात धरला तेव्हा कुठे थांबला.

दुसऱ्याच दिवशी मशीनवर कापड टाकून मावशी नणंदेकडे गेली. नणंद एका रोपवाटिकेत कामाला होती. कोपरापर्यंत माती, समोर काळ्या पिशव्यांची रांग. वहिनीला बघून तिने हातसुद्धा पुसले नाहीत. दादा आजारी पडल्याचं तिला कळलं होतं. बाकीचं मावशीने सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे कुत्रीला माझं नाव दिलं," नणंद म्हणाली.

"दिलं नाही हो वन्सं. आलं. तेवढंच येतं त्यांना."

नणंद पिशवीत माती भरत राहिली. "आईच्या वेळी मी डेपोत फोनवर फोन केले, वहिनी. निरोप त्याच्यापर्यंत पोचवला नाही कुणी. हे सांगायला मी तुमच्या दारात आले होते. त्याने आतून कडी काढली नाही."

मावशीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती त्या दिवशी माप घ्यायला गेली असणार. "एकदा या," एवढंच ती म्हणाली.

"नऊ वर्षं त्याला बोलता येत होतं, तेव्हा तो बोलला नाही. आता बोलता येत नाही, तर मी जाऊ?"

मावशी उठली आणि घरी आली.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी कुत्री भुंकायला लागली. दारात नणंद उभी. तो खुर्चीत बसला होता. बहिणीला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. नाव काही निघेना.

"कुत्रीला म्हणतोस ना? म्हण," नणंद म्हणाली.

"ते… ते…"

ती पडद्यांच्या ढिगाशेजारी खाली बसली. "मी फोन केले होते, दादा." तो रडायला लागला. त्याने हात पुढे केला. तिने तो बघितला, पण घेतला नाही. पाणी प्यायली आणि दिवे लागायच्या आत निघाली. चपला घालताना वहिनीला म्हणाली, "नाव बदलू नका आता. बदललंत तर एवढंही जायचं त्याचं."

त्यानंतर काही दिवस त्याने तोंडच उघडलं नाही. कुत्री त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून वाट बघायची. नणंदेला बोलावून आपणच त्याचा होता तो शब्दही घालवला, असं वाटून मावशी झुरत राहिली. एका सकाळी न राहवून तिनेच हाक मारली, "पमू, इकडे ये." त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. दुपारपर्यंत तोही म्हणायला लागला, आधी अर्धं, मग पुरतं.

नणंद अधूनमधून येते. कधी येते, कधी महिनाभर फिरकत नाही. बोलते थोडंच. मध्यंतरी तिच्यादेखत त्याने नाव घेतलं, तेव्हा कुत्री उठली आणि ही बसूनच राहिली. कुणासाठी घेतलं ते दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

हिवाळ्यात त्याला "पाणी" म्हणता यायला लागलं, मग "नको", मग लेकीचं नाव. लग्न झाल्यापासून तो बायकोला "अगं" म्हणूनच हाक मारायचा. ते अजून आलेलं नाही. मावशी कुणाशी याबद्दल बोलत नाही. शिवता शिवता मधेच मशीन थांबवते, थोडा वेळ कान देऊन बसते, आणि पुन्हा पाय चालवते.