चाखणकाकीचा हिरवा तुकडा

हिरवा तुकडा आला त्या दिवशी पडवीत आम्ही चौघी होतो. मी, माझी सासू, शेजारची सुमन आणि चाखणकाकी. आता चौघींतली मी एकटीच उरले, म्हणून सांगायचं ते मीच सांगते.

काकी आमच्या गावात गोधड्या शिवायची. तिची जीभ एक दिवस निळी, एक दिवस तांबडी. नव्या माणसाला वाटायचं पान खाल्लंय. पण काकीने जन्मात पान खाल्लं नाही. गोधडीला कापड आलं की त्याचा कोपरा ती तोंडात धरायची, चावायची आणि मग जीभ बाहेर काढून बोटाने पुसून बघायची. बोटाला रंग लागला की कापड परत. "ह्यो रंग सोडता. घेवन जा," एवढंच. म्हणून तिचं नाव चाखणकाकी. तिने घेतलेल्या कापडाचा रंग कधी उतरला नाही. फोंड्यापासून बायका गाठोडी घेऊन यायच्या.

मला सगळं विचारायची खोड. काकी चिंध्या दोरीवर वाळत घालायची आणि विहिरीपाशी जाऊन लांबून बघत बसायची. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "जवळसून सगळेच रंग बरे दिसतत. रात्री पांघरणारो काय डोळे लावन बघता? लांबसून बघ, कोण कोणाक खाता ता समाजता." दोन तांबडे तुकडे ती शेजारी लावायची नाही. मी पुन्हा विचारलं, का? "भांडतत. तुझ्यासारखे नि तुझ्या सासवेसारखे." सासू तिथेच बसलेली. ती म्हणाली, "आणि तू मधी बसान हसतस!"

सूत ती जाळी विणायचं घ्यायची, कोळ्यांकडून. दातात धरून ताणायची. तुटलं तर टाकून द्यायची. सगळ्यात जुनं, मऊ लुगडं तोंडाकडे, दणकट पायाकडे. "लेकरू तोंडाकडचा चोखता, पायाकडचा लाथाडता," हे तिचं कायमचं.

मला दोन पोरं झाली होती. एक बारा दिवसांचं गेलं, एक दीड वर्षाचं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला तेव्हा सासूने काकीला बोलावलं. आमच्याकडे असं मानतात, की ज्या बाईची पोरं टिकत नाहीत तिच्या लेकराला दुसऱ्यांच्या घरच्या कापडांची गोधडी करायची, ज्यांची पोरं जगली त्यांच्या. काकीने चार घरचे तुकडे आणून ठेवले आणि म्हणाली, "पाचवो तुकडो तुझ्या थोरल्या जावेचो व्हयो. तिची पाचय पोरां जिती आसत. आणि तो तूच जावन माग."

थोरल्या जावेशी आमचं सात वर्षं बोलणं नव्हतं. बांधावरच्या फणसावरून चुली वेगळ्या झाल्या होत्या. मधे एक भिंत, पण तिकडे कोण शिंकलं तरी इकडून कोणी काही म्हणायचं नाही.

सासू उठून दारात उभी राहिली. "तिच्या दारात? जातलंस तर माझ्या मड्यार पाय देवन जा!"

"मड्यार कित्याक गो?" काकी म्हणाली. "तू अजून बरी धडधाकट आसस. वाट सोड तिका."

मी गेले. जाऊ तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "काय व्हया?"

"तुझ्या लुगड्याचो तुकडो. लेकराक."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग आत गेली आणि हिरवं लुगडं घेऊन आली. नवं, घडी न मोडलेलं. "जुना नाय माझ्याकडे. सगळी लंगोटांक गेली," असं म्हणून तिने माझ्यासमोर पदराकडून टर्रकन फाडलं. मग म्हणाली, "उभी कित्याक ऱ्हवलंस, पोटुशी आसस. बस."

तुकडा घेऊन मी पडवीत आले. काकीने कोपरा चावला. मी समोरच होते. तिची जीभ हिरवीगार झालेली मी बघितली, आणि मी बघितलं हे तिनेही बघितलं. जीभ आत घेऊन ती मोठ्याने म्हणाली, "पक्को आसा. चांगलो पक्को."

सासू आणि सुमन गेल्यावर मी विचारलं, "काकी, सोडता ना तो रंग?"

"सोडता."

"मगे?"

"तिना नवा लुगडा फाडल्यान. आता काय सांगू तिका, तुझा चलाचा नाय म्हणान?"

"लोक तुका हसतले."

"हसांदेत. तू गप ऱ्हव. तिच्या कानार जाता नये."

तीन वेळा तिने तो तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवला. तिन्ही वेळा पाणी हिरवं. शेवटी पायाकडे लावला, लेकराच्या तोंडापासून लांब.

मुलगी झाली, आणि जगली. चाळीस दिवस तिला न्हाऊ घातलं ते जावेने. पहिल्या धुण्यात गोधडीभर हिरवा रंग पसरला. जाऊ बघतच राहिली. काकी लगेच म्हणाली, "माझीच चूक. मीठ घालूक इसारलंय." सुमनने गावभर केलं, चाखणकाकीची जीभ म्हातारी झाली. त्या पावसाळ्यात तिच्याकडे दोनच गाठोडी आली. पुढे तीही येईनाशी झाली. काकी आपल्याच घरच्या चिंध्या दोरीवर टाकून बघत बसायची.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मी बसायला गेले होते. विचारलं, आता सांगू का सगळ्यांना? तिने हात हलवला. "ती आसा तवसर नको."

थोरली जाऊ गेल्या वर्षी गेली. मुलगी बांद्याला दिलीय, तिचे केस पांढरे व्हायला लागले. तिलाही मी हे आत्ताच सांगितलं.

तुमच्याकडे कोणी अजून म्हणत असेल, की चाखणकाकीने त्या वर्षी कापड ओळखलं नाही, तर त्यांना एवढं सांगा, की तिने ओळखलं होतं.