दोन नळांवर हंडे

बाळकुमला आमच्या चाळीसमोर दोन नळ होते. कुठल्या नळाला पाणी येईल याचा भरवसा नसायचा, म्हणून आई दोन्हीकडे हंडा लावून ठेवायची. वडिलांचं मिठागर बंद झालेलं, आई सुकी मासळी विकायची. एक हुकलं तर दुसरं, ही सवय मला तिथलीच. त्या घरातून कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

डोंबिवलीतल्या एका छोट्या होस्टिंग कंपनीत मी प्रोबेशनवर लागलो. एकाच मेल सर्व्हरवर बऱ्याच गिऱ्हाइकांचे मेल यायचे. त्यावर एका पॅथॉलॉजी लॅबचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, चढवायचं काम मला दिलं. सेटिंगमध्ये दोन याद्या होत्या. एक सर्व्हरच्या स्वतःच्या नावांची, दुसरी गिऱ्हाइकांच्या नावांची. मी लॅबचं नाव दोन्हीकडे टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याणच्या केटररचा फोन आला. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

"अहो साहेब, हळदीच्या जेवणाची ऑर्डर यायची होती, आणि आलाय कुणाचा तरी बायोप्सी रिपोर्ट! हा कुठल्या पंगतीत वाढू?"

मला हसू आलं नाही. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर इशारा सकाळपासून येत होता: एकच डोमेन दोन्ही याद्यांत ठेवू नका. स्वतःच्या यादीत नाव दिसलं की आमचा सर्व्हर @ नंतरचं बघतच नव्हता. लॅब आणि केटरर, दोघांच्याही पत्त्यात @ च्या आधी 'info'; पण त्याला एकच info माहीत, तो जुना केटरर.

शेजारच्या सीनियर मॅडमनी स्क्रीन पाहिली.

"अरे, दोन्हीकडे कशाला टाकलंस?"

"सेफ्टीसाठी."

"कसली सेफ्टी! पहिल्या यादीतून आधी काढ. आणि लॅबच्या डॉक्टरबाईंना फोन तू करायचास, मी नाही."

नाव काढताना प्रत्येक ओळ दोनदा वाचली. भलतीच ओळ उडाली असती तर सगळ्यांचेच मेल बंद. टेस्ट मेल पाठवला, तो लॅबला पोचला. मोठ्या हॉस्पिटलातून लॅबला आलेला तो रिपोर्ट लॅबच्या मेलबॉक्समध्ये हलवला. मग फोन लावला. रिंग जात होती आणि डोक्यात एकच, नोकरी गेली तर आईला कुठल्या तोंडाने सांगू?

सगळं ऐकून बाईंनी विचारलं, "वाचला कुणी?"

"केटररने. पूर्ण नाही, वरचं नाव फक्त. त्यांच्याकडची प्रत त्यांनी डिलीट केलीये."

"पेशंट खडवलीहून येऊन सकाळपासून माझ्या दारात बसलीये. तिला काय सांगू, सर्व्हर शिकतोय?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"तक्रार करायची का ते मी ठरवते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढे कितीतरी दिवस ऑफिसचा फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो. साहेब केबिनमधून बाहेर आले तरी मी खुर्चीतून अर्धा उठायचो. घरी आई विचारायची, "जेवलास का नाय?" मी जेवलो म्हणायचो.

तक्रार आली नाही. प्रोबेशन संपलं आणि मला कायम केलं. आता तो सर्व्हर मीच सांभाळतो, आणि त्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव एकाच यादीत आहे.