नसलेल्या काठीवरून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगायला बसलो तरी आधी इकडचं तिकडचंच सुचतंय — बघा, खोड काही जात नाही.

सांगलीला इंजिनिअरिंगला होतो, नव्वदचं दशक संपत आलेलं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही दोघांनी सी प्लस प्लसमध्ये गेम केला — मी आणि बिरू. बिरू दहिवडीकडचा, घरी मेंढरं. गेममध्ये कळप हाकत न्यायचा, एवढंच. 'प्राणी' नावाचा मूळ क्लास, म्हणजे सगळ्यांचा साचा, मी लिहिला. चालणं, थांबणं, उडी सगळं त्यात. त्यातूनच कुत्रं, बकरी, मेंढी काढली. पण मेंढीची उडी बिरूनं वेगळी लिहिली. त्याची मेंढी वाटेत धरलेल्या आडव्या काठीकडे बघतच नव्हती, पुढच्या मेंढीकडे बघायची. मधेच काठी काढून घेतली तरी मागच्या सगळ्या त्याच जागी उड्या मारायच्या.

मी त्याला वेड्यात काढलं. मग तो मला गावी घेऊन गेला. मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी काठी आडवी धरली, पहिली मेंढी उडाली तशी काढून घेतली. बाकीच्या साठ-सत्तर नुसत्या हवेवरून उड्या मारत गेल्या! हसून हसून माझं पोट दुखलं. "आता बोल की रं शाण्या," म्हणाला.

म्हणजे मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पडद्यावर ते पाहिलं नि कपाळाला आठ्या घातल्या. काठी नाही, तर ही उडतात कशाला? ही घोडचूक कुणाची? सगळं इंग्रजीत. बिरूचं इंग्रजी तोकडं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं हो — काय जड होतं मला? पण सर चिडलेले, माझे मार्क जातील — मी म्हणालो, तो भाग याचा आहे, सर.

बिरू नापास झाला. पुन्हा परीक्षेला तो आलाच नाही. गावातल्या इतर पोरांसारखा मुंबईला गेला, बाजारात पोती उचलायला. जाताना मला एवढंच म्हणाला, "असू दे गड्या, तुजं तरी झालं."

भ्याडपणा म्हणाल? तेवढाच असता तर हे लिहायला बसलोच नसतो. महिन्याभरानं पुण्याला मुलाखतीला गेलो तो तोच गेम घेऊन. तिथल्या साहेबांनीही तेच विचारलं — मागच्या का उडतात? मी झकास समजावून सांगितलं. इंग्रजीत, न अडखळता, हातवारे करून. साहेब खूश झाले. हे सुचलं कुणाला, म्हणाले.

मला, असं मी सांगितलं.