रोटालाचा लाल शेंडा

बेलापुरात कुणाच्या पिकाचं पान पिवळं पडलं, की ते खिशात घालून माणूस थेट गोरक्षनाथच्या खताच्या दुकानात येणार, हे ठरलेलं. गोरक्षनाथ पान उजेडात धरायचा, उलटंपालटं करायचा आणि एखाद्या गोणीकडं बोट दाखवायचा. तीस वर्षं झाली. गावचं शिवार हिरवं केलं ह्या शहाण्यानं, पण स्वतःच्या घरात काय सुकतंय ते त्याला दिसलं नाही.

त्याची लेक आरती फेब्रुवारीत नगरहून, सासरहून, एकटीच आली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची पिशवी. तीत चार गप्पी मासे आणि रोटाला नावाच्या पाणवनस्पतीच्या काड्या. मनगट टम्म सुजलेलं. "बाथरूममध्ये पडले," म्हणाली. आई, मनकर्णा, तिला पोटाशी धरून रडली. गोरक्षनाथनं हळदीचा लेप लावायला सांगितला आणि दुकान गाठलं. विचारलं नाही. विचारलं तर पोरगी खरं सांगेल, याचीच धास्ती.

पंधरा दिवसांत बैठक बसली. व्याही राधाकृष्ण चार मोठी माणसं घेऊन आले. "सूनबाईला नांदायला कधी धाडता?" सगळ्यांच्या माना आरतीकडं वळल्या. ती मासे आणि काड्या सोडलेल्या, कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीकडं बघत म्हणाली, "ही रोटाला लाल झाली की जाते."

माणसं हसली. गोरक्षनाथनं मांडीवर थाप मारली. "मग झालंच की! झाडाचं माझ्यावर सोडा. लाल झालं की मीच फोन करतो, पाव्हणं." पाच माणसांत शब्द देऊन बसला.

आता गंमत बघा. कपाशीवर लाल्या पडून पानं लाल झाली की हाच गडी पान हिरवं करायला औषधं द्यायचा. आता सगळं उलटं. पण मोबाईलवर वाचून वाचून त्यानं मर्म काढलं: लोह द्यायचं, उजेड कडक ठेवायचा आणि नत्र तोडायचं. युरियाला मोताद झालं की हे झाड लाल होतं. उसाच्या रानातलं नत्र बोअरच्या पाण्यात उतरलेलं, म्हणून त्यानं जारचं पाणी आणलं. लोह थेंबाथेंबानं मोजून दिलं. मोठा दिवा टांगला. मार्च गेला, एप्रिल गेला, झाड आपलं हिरवंच्या हिरवं!

"काय कमी पडतंय तेच कळंना," तो मनकर्णेवर चिडायचा, जशी काय तिचीच चूक. आरती रोज संध्याकाळी एका लहान डबीतून चिमूटभर काहीतरी पाण्यात टाकायची. "माशांचं औषध हाय, आण्णा."

मेमध्ये ती सोनईला मावशीकडं दहा दिवस राहायला गेली. जाताना बजावून गेली, "खाद्य तेवढं टाका. औषधाच्या डबीला हात लावू नका."

गोरक्षनाथनं त्या दिवसांतही रोज पाणी बदललं. नवव्या दिवशी सकाळी शेंडा लाल! कुंकवासारखा लालभडक! त्यानं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. "पाव्हणं, झालं बरं का. रविवारी या." आनंद नुसता मावेना. एक मासा जरा मरगळलेला दिसला, म्हणून म्हणाला, चला, ह्यालाही औषध देऊ. डबी उघडली.

आत पांढरे दाणे. ओल्या बोटांना लागले तसे गार वाटले. तीस वर्षं ज्यात हात घातले ते दाणे त्याला कळणार नाहीत होय? युरिया होता, त्याच्याच दुकानातला.

त्यानं डबीचं झाकण लावलं. सुजलेलं मनगट आज त्याला दिसलं. रोज चिमूट चिमूट टाकून पोरगी आपला एकेक दिवस लांबवत होती आणि हा बाप रोज पाणी बदलत होता.

अरे, मग सांगायचं ना सरळ, पोरगी पाठवत नाही म्हणून! पण पाच माणसांत दिलेला शब्द ह्या माणसाला मोडवेना. फोन चारदा हातात घेतला, चारदा ठेवला. शनिवार असाच गेला. रविवारी पहाटे त्यानं टाकीत हात घातला आणि लाल शेंडा खुडला.

आरती सकाळच्या एसटीनं परतली. मागोमाग पाहुणे. राधाकृष्णांनी टाकीत डोकावून पाहिलं. "कुठं लाल हाय हो?"

"माझीच नजर चुकली, पाव्हणं. दिव्याचा उजेड पडला आसंल."

"चुकू द्या. महिनाभर थांबतो. लाल होवो न्हाई तर न होवो, मग घेऊनच जातो." चहा न घेता उठले.

आरतीनं टाकीतली शेंडा खुडलेली काडी पाहिली. मग बापाकडं पाहिलं. गोरक्षनाथनं खिशातून डबी काढून तिच्यापुढं धरली. त्यानं ती युरियानं काठोकाठ भरली होती.

पण शेंडा खुडला की फुटवे वाढतात, हे जन्मभर लोकांना त्यानंच सांगितलेलं. आठव्या दिवशी खुडल्या जागी दोन कोवळे फुटवे वर आले. दोन्हींवर तांबूस झाक; डबीतला युरिया झाडाला अजून पुरता लागला नव्हता. आरतीनं ते बोटानं बापाला दाखवले.

"आण्णा," ती म्हणाली, "किती दिवस खुडत बसशाल?"