बुंदी आणि कुरमुऱ्याची चाचणी

काय बिघडू शकेल, हा प्रश्न विचारण्याचाच निशिकांत वर्तकांना चोवीस वर्षं पगार मिळाला. सिंगापूरच्या बंदरातून जहाज सुटण्याआधी ते त्याच्या पोटात उतरायचे, झडपा, पंप, लाइफबोटी बघायचे आणि वर येऊन सही करायचे. मार्चमध्ये ते निवृत्त झाले. जहाजं गेली, प्रश्न मागे राहिला. आता तो घरात सापडेल त्याला चिकटायचा, कधी गॅसला, कधी बायकोच्या, सुलेखाबाईंच्या, खोकल्याला. गेले सहा आठवडे तो दोन कुत्र्यांना चिकटला होता.

कंपनीचा कॉन्डो सोडायचा होता. सोमवारी हौगांगच्या सरकारी एचडीबी फ्लॅटची किल्ली मिळणार होती, आणि तिथला नियम साधा होता. एका घरात एक कुत्रा. वर्तकांकडे दोन. बुंदी तेरा वर्षांची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. कुरमुरा चार वर्षांचा, चणीनं तिच्याएवढाच. फिरायला निघाले की तो अर्धं पाऊल पुढे असायचा आणि ती त्याच्या अंगाला अंग लावून.

वर्तकांच्या जुन्या ऑफिसातला रुचिर पुंगोलच्या कॉन्डोत राहायचा. तिथे दोन-तीन कुत्र्यांनाही मनाई नव्हती, पण तो एकालाच घेणार होता. कोणताही द्या काका, असं तो म्हणाला खरा, पण त्याच्या आठ वर्षांच्या अनुयाचा जीव कुरमुऱ्यावर होता हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे कुरमुरा पुंगोलला आणि बुंदी हौगांगला. पण कुरमुऱ्यावाचून बुंदी चालेल का? जेवेल का? की नव्या घराच्या भिंतींना धडकत राहील?

राहत्या कॉन्डोत हे कळणं शक्य नव्हतं. तिथली प्रत्येक भिंत तिला पाठ होती. अनोळखी जागा हवी होती. म्हणून वर्तकांनी शनिवारी एक व्हॅन भाड्यानं आणली. मागे बिछाना, एक छोटं बेसिन, शेगडी ठेवायला फळी. समुद्राकाठच्या पार्कात तंबू ठोकायचा परवानाही काढला.

सुलेखाबाई नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स. ड्यूटीला निघताना त्या म्हणाल्या, "अर्धं घर खोक्यांत आहे आणि तुम्ही पिकनिकला चाललात?"

"पिकनिक नाही. चाचणी आहे."

"कुत्र्यांची की तुमची?" असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. रविवारी सकाळी येते म्हणाल्या.

चार वाजता वर्तकांनी कुरमुऱ्याला व्हॅनमध्ये ठेवलं. एसी चालू, पाणी भरलेलं. बुंदीला लांब दोरीवर घेऊन ते चाळीस पावलांवर तंबूपाशी बसले. हातात वही होती. समोर समुद्रात जहाजं नांगरून उभी होती, पण आज तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बुंदी थोडा वेळ जागीच उभी राहिली. मग नाक खाली घालून निघाली. बर्फाच्या पेटीला धडकली, थबकली, वळसा घालून गेली. दुसऱ्यांदा धडकली नाही. तिनं वाडगा शोधला, भात संपवला आणि गवतात तीन गिरक्या घेऊन झोपली. वर्तकांनी वेळ लिहिली. चोवीस मिनिटं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. काहीतरी नजरेतून सुटतंय, ही त्यांची जुनी सवयीची भीती होती.

व्हॅनचं दार उघडलं तेव्हा कळलं. कुरमुऱ्यानं दाराचं रबर ओरबाडलं होतं. एक नख मुळापासून तुटलं होतं, बसायच्या जागेवर रक्ताचे ठिपके होते. पाण्याला तोंड लावलं नव्हतं. तो थरथरत होता. वर्तकांनी बुंदीला उचलून आत ठेवलं, तेव्हा त्यानं तिच्या पोटाखाली तोंड खुपसलं आणि तसाच उभा राहिला.

संध्याकाळी पंज्याला पट्टी बांधून, बुंदीला बाहेर ठेवून त्यांनी पुन्हा करून पाहिलं. त्या वेळी ते स्वतः कुरमुऱ्याजवळ बसले. तरीही तेच.

चार वर्षं आपण बघत आलो आणि उलटंच वाचत आलो, हे त्यांना त्या लहानशा व्हॅनमध्ये कळलं. पुढे चालणारा वाट दाखवत नव्हता. मागे ती आहे ना, एवढंच तो अंगानं चाचपत होता.

रविवारी सुलेखाबाई पोह्यांचा डबा घेऊन आल्या. वर्तकांनी सगळं सांगितलं, फक्त पुढे चालणाऱ्याबद्दल जे कळलं ते सांगितलं नाही. सुलेखाबाईंनी कुरमुऱ्याचा पंजा हातात घेऊन नीट पाहिला, पट्टी बदलली.

"यांची ताटातूट नाही करता येणार," त्या म्हणाल्या. "रुचिरला विचारा, दोघांना घेतोस का."

"त्यानं एकाचंच कबूल केलंय."

"विचारा तर खरं."

"आणि हो म्हणाला तर?"

सुलेखाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. 

वर्तकांनी फोन लावला. दोघांना घेशील का, असं विचारलं. मागून अनुयाचा आवाज आला, "टू ऑल्सो कॅन ला, बाबा! दोन्ही चालतील!" बायकोला, मीनलला, विचारून दहा मिनिटांत सांगतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. ती दहा मिनिटं वर्तक तंबूभोवती फिरत राहिले. नाही म्हणाला तर काय, याची भीती होती. हो म्हणाला तर काय, याची जास्त होती. या दोन्ही भीती एकाच माणसात मावत नव्हत्या.

फोन मीनलचाच आला. "काका, दोघांना घेऊन या. आज जेवायलाच या. बुंदीच्या औषधांचं तेवढं लिहून द्या मला."

ते लिहायला बसले. थेंब कधी घालायचे, भात किती मऊ, ढग गडगडले की तिला कुठे ठेवायचं. पान भरलं, दुसरं सुरू झालं. सुलेखाबाईंनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. मीनलला सगळं समजतं, म्हणाल्या.

तंबू गुंडाळून दोघं व्हॅनमध्ये बसली. कुत्री मागे, एकमेकांना टेकून.

"त्यांचे वाडगे, बुंदीचं अंथरूण," वर्तक म्हणाले, "हौगांगच्या खोक्यात भरलंयस ना तू?"

"हो. टेप लावून."

"ते काढावं लागेल."

"म्हणजे आधी घरी जायला हवं."

"हो, आधी घरी," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली आणि पुंगोलचा रस्ता सोडून कॉन्डोकडे वळवली.